दात, पट्टा आणि तेल : हिरवळ कापणाऱ्या गाडीचा इतिहास

इंग्लंडातील ग्लॉस्टरशायर परगण्यात स्ट्राउड या गावाच्या आसपास ज्या अरुंद दऱ्या आहेत, त्यांतून वाहणाऱ्या लहानमोठ्या ओढ्यांच्या काठी अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत लोकरी कापडाच्या गिरण्यांची दाट वस्ती झालेली होती, आणि इंग्रजी लष्कराच्या लाल गणवेशाचे कापड पुरवणाऱ्या मुलखांत या दऱ्यांचे नाव अग्रभागी होते. विणून, धुऊन आणि कुटून तयार झालेल्या या कापडावर लोकरीची लव उभी राही. ती सर्वत्र सारख्या उंचीवर कातरली गेल्याखेरीज कापडाला बाजारात मान मिळत नसे, आणि या कामासाठी दंडगोलावर पिळदार पाती बसवलेले एक यंत्र तेथील गिरण्यांत रूढ झालेले होते. कापडावरील लव ज्या युक्तीने कातरता येते त्याच युक्तीने जमिनीवरील गवतही कातरता येईल, हा विचार एडविन बिअर्ड बडिंग नावाच्या तेथील एका यंत्रकारागिराच्या मनात आला. आणि ३१ ऑगस्ट १८३० या तारखेची एकस्वाची सनद त्याच्या नावे झाली, तेव्हा हिरवळ कापण्याच्या यंत्राचा विधिवत जन्म झाला.

त्या घटनेला आता दोन शतके होत आली. बडिंगच्या यंत्राच्या वंशात पुढे घोड्याने ओढायची, वाफेची, पेट्रोलची अशी अनेक यंत्रे होऊन गेली, आणि त्या वंशाचा आजचा सर्वांत परिचित प्रतिनिधी म्हणजे मनुष्याने वर बसून चालवायची ती छोटी चारचाकी गाडी, जी अमेरिकेच्या उपनगरांत उन्हाळ्याच्या कोणत्याही शनिवारी घरोघरी फिरताना दिसते. या गाडीचे पाते, तिचे इंजिन, तिची बैठक यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे; परंतु इंजिनात उत्पन्न झालेली शक्ती चाकांपर्यंत नेणारी जी मधली यंत्रणा, जिला आपण सर्रास गिअर किंवा ट्रान्समिशन म्हणतो, तिच्याकडे लक्ष जाते ते ती बिघडल्यावरच. माझ्या मते त्या यंत्रणेचा इतिहास आणि तिच्या बिघाडांचा इतिहास हे दोन स्वतंत्र विषय मानणे योग्य नव्हे. प्रत्येक नव्या रचनेने एक जुना दोष दूर केला आणि त्याच्या जागी एक नवा दोष आणला. आणि हा नवा दोष जुन्यापेक्षा दर वेळी थोडा अधिक आत, थोडा अधिक दृष्टीआड राहत गेला. हा क्रम ज्याला समजला, त्याला आजच्या बिघडलेल्या गाडीचा तपास कोठून सुरू करावा आणि कोठे थांबवावा हेही आपोआप समजते, असे मला वाटते, आणि तेच येथे सविस्तर मांडण्याचा हेतू आहे.

बडिंगचे मूळ यंत्र पाहू. थ्रप येथील फिनिक्स ओतशाळेचे मालक जॉन फेराबी यांच्या भागीदारीत ते तयार होऊ लागले. त्याची कापण्याची रुंदी १९ इंच होती. मागे एक जड रूळ, पुढे पिळदार पात्यांचा दंडगोल, आणि या दोहोंना जोडणारी ओतीव लोखंडाची दंतचक्रे, एवढाच त्याचा संसार. माणूस यंत्र ढकलू लागला की रूळ जमिनीवर फिरे, रुळाची गती दातांमधून चढत जाई, आणि रुळाच्या एका फेऱ्यात दंडगोलाचे १६ फेरे होत. म्हणजे यंत्राला चालना देणारी शक्ती जमिनीकडून येत होती, आणि दंतचक्रांचे काम त्या मंद गतीचे पात्याच्या तीव्र गतीत रूपांतर करणे एवढेच होते. यंत्र अतिशय जड असल्यामुळे पुढून ओढण्यासाठी दुसऱ्या माणसाकरिता एक जादा दांडी ठेवलेली असे. तोवर हिरवळ राखण्याचे काम लांब दांड्याच्या विळ्यांनी होत असे, आणि दव पडलेले ओले गवतच त्या पात्याखाली नीट कापले जात असल्यामुळे कापणारे मजूर पहाटेच कामाला लागत. नव्या यंत्राला मात्र कोरडे गवत अधिक मानवणारे होते. लंडनमधील रीजंट्स पार्क येथील प्राणिसंग्रहालयाने आणि ऑक्सफर्डच्या विद्यालयांनी ही यंत्रे आरंभीच्या काळातच घेतली, आणि १८३२ साली इप्सविच येथील रॅन्सम यांच्या कारखान्याने परवाना घेऊन त्यांचे उत्पादन हाती घेतले.

या यंत्रातील बिघाड कसे असतील, याची कल्पना त्याच्या रचनेवरूनच येते. आपल्याकडे विहिरीवरच्या रहाटाचे दात जसे शेतकऱ्याच्या डोळ्यांदेखत एकमेकांत गुंतत आणि झिजत, तसेच येथेही होते. ओला पाचोळा किंवा खडा दातांत अडकला तर तो दिसे. एखादा दात तुटला तर प्रत्येक फेऱ्याला त्याच जागी ठोका ऐकू येई. आस सैल झाला तर चक्रे एकमेकांपासून दूर सरकत. दोष शोधण्यासाठी डोळे आणि कान यांपलीकडे कोणतेही साधन लागत नव्हते, आणि दोष दूर करण्यासाठी ओतशाळेतून नवे चक्र आणणे पुरेसे होते. याच बडिंगने पुढे स्क्रूच्या साहाय्याने लहानमोठा करता येणारा पाना तयार केला असे त्याच्या नावे नोंदले गेले आहे, ही गोष्ट मला विशेष अर्थपूर्ण वाटते. ज्याने हे यंत्र दिले, त्यानेच त्याच्या दुरुस्तीस उपयोगी पडणारे हत्यारही दिले. यंत्र करणारा आणि यंत्र दुरुस्त करणारा ही दोन निरनिराळी माणसे होण्याचा काळ तोवर आलेला नव्हता.

दंतचक्रांचा मोठा दोष म्हणजे त्यांचा खडखडाट. १८४२ साली स्कॉटलंडमधील आर्ब्रोथ येथील अलेक्झांडर शँक्स याने तट्टाने ओढायचे रुंद यंत्र बनवले, आणि हिरवळीवर खुरांचे ठसे उमटू नयेत म्हणून जनावरांच्या पायांत चामड्याचे जोडे घालण्याची चाल पडली. यंत्र मोठे झाले तसा आवाजही मोठा झाला. लीड्स येथील टॉमस ग्रीन याने १८५९ साली दातांच्या ऐवजी साखळीने गती नेणारे यंत्र काढले. लॅटिन भाषेतील सायलेन्स मेसर या नावाने ते विकले गेले आणि दीर्घकाळ लोकप्रिय राहिले. साखळीने खडखडाट कमी केला, परंतु तिने आपल्याबरोबर एक नवी व्याधी आणली, ती म्हणजे ताण. दातांना ताण नसतो. ती एकदा बसवली की आपापल्या जागी असतात. साखळी मात्र वापराने लांबते, सैल होते, चक्रावरून उडी मारते, आणि फार आवळली तर बेअरिंगे खाते. गतिवाहक वस्तूचा ताण वेळोवेळी तपासला पाहिजे, हा जो नियम आज प्रत्येक मालकाला सांगितला जातो, त्याचा उगम या रचनेत आहे.

खरी क्रांती पुढे झाली, आणि ती शक्तीच्या दिशेची क्रांती होती. १८९३ साली लँकेशायरमधील जेम्स समनर याने वाफेवर चालणाऱ्या यंत्राची सनद घेतली, आणि १९०२ साली रॅन्सम यांच्या कारखान्याने पेट्रोल इंजिनाचे यंत्र बाजारात आणले. तोवर जमीन रुळाला फिरवीत होती आणि रूळ पात्याला. आता इंजिन दोघांनाही फिरवू लागले. माणूस थांबला की बडिंगचे यंत्र थांबत असे, आणि त्यामुळे त्याला थांबवण्याची वेगळी तजवीज फारशी लागत नसे. इंजिन मात्र माणूस थांबला तरी फिरतच राहते. त्याच्या गतीपासून चाके हवी तेव्हा सोडवता आली पाहिजेत, हवी तेव्हा पुन्हा जोडता आली पाहिजेत, उलटी फिरवता आली पाहिजेत, आणि दाट गवतात सावकाश व विरळ गवतात वेगाने चालवता आली पाहिजेत, या चार गरजा एकदम उभ्या राहिल्या. क्लच, उलटा गिअर आणि वेगाचे टप्पे यांचा जन्म या गरजांतून झाला, आणि आजच्या गाडीचे जवळजवळ सर्व बिघाड या चार गरजांपैकी कोणत्या ना कोणत्या गरजेशी निगडित असतात.

येथून कथा अमेरिकेत जाते. दुसऱ्या महायुद्धातून परत आलेल्या सैनिकांना १९४४ च्या कायद्याने घरासाठी सवलतीचे कर्ज मिळू लागले, आणि शहरांच्या बाहेर नव्या वसाहती उभ्या राहिल्या. न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर १९४७ साली सुरू झालेली लेव्हिटटाउन ही त्यांतील सर्वांत प्रसिद्ध. तेथील एका घराची जागा साधारणपणे ६० फूट रुंद आणि १०० फूट लांब, म्हणजे आपल्या हिशेबाने साडेपाच गुंठे. आणि हिरवळ मोसमात आठवड्यातून एकदा कापलीच पाहिजे, अशी अट खरेदीखताशी जोडलेली होती. एवढ्या जागेला ढकलायचे यंत्र पुरत होते. परंतु वसाहती शहरापासून जसजशा दूर पसरल्या तसतशा जागा अर्ध्या एकराच्या, एकराच्या होऊ लागल्या, आणि चाळीस गुंठे गवताच्या मागे दर आठवड्याला पायी चालणे हे नोकरदार माणसाच्या आवाक्याबाहेरचे ठरले. वर बसून चालवायच्या गाडीला खरे गिऱ्हाईक मिळाले ते असे.

या गाड्या स्वस्त असणे आवश्यक होते, आणि म्हणून त्यांच्या कारखानदारांनी मोटारीच्या गिअरपेटीकडे न वळता दोन सोप्या उपायांचा आश्रय केला. पहिला उपाय पट्ट्याचा. डेन्व्हर येथील जॉन गेट्स याने १९१७ साली कापड आणि रबर यांचा, पाचरीच्या आकाराचा पट्टा तयार केला होता. हा पट्टा पुलीच्या खाचेत दोन्ही कडांनी धरतो, आणि ताण वाढेल तसा अधिक घट्ट बसतो. इंजिनाच्या पुलीवरून मागच्या पुलीपर्यंत असा पट्टा न्यायचा, मध्ये स्प्रिंगने दाबलेली एक ताणपुली ठेवायची, आणि पायाखालच्या पेडलने ती ताणपुली बाजूस ओढायची, म्हणजे पट्टा सैल पडतो आणि गाडी थांबते. पेडल सोडले की पट्टा आवळतो आणि गाडी चालू लागते. मोटारीतील क्लचच्या कितीतरी पट स्वस्त असा हा क्लच होता. त्याची व्याधीही तितकीच उघड आहे. पट्ट्याच्या कडा घासून काचेसारख्या चकचकीत झाल्या की तो पकड सोडतो; ताणपुलीची स्प्रिंग शिणली की सपाटीवर चालणारी गाडी चढावर थांबते; आणि कोठे तेल किंवा ग्रीस सांडले तर नवा पट्टासुद्धा घसरतो.

दुसरा उपाय घर्षणचक्राचा. विसाव्या शतकाच्या आरंभी मिशिगनमधील कार्टरकार या मोटारीत तो वापरला गेला होता, आणि १९०९ साली जनरल मोटर्सने ती कंपनी विकतही घेतली होती. पुढे मोटारींनी हा मार्ग सोडला, पण जॉर्जिया राज्यात बनणाऱ्या स्नॅपर गाड्यांनी तो हिरवळीवर अनेक वर्षे जिवंत ठेवला. ही रचना जवळून पाहण्याजोगी आहे. इंजिन एक सपाट धातूची तबकडी फिरवते. त्या तबकडीच्या पृष्ठभागाला काटकोनात टेकलेले, कडेला रबर चढवलेले एक लहान चाक असते. हे चाक तबकडीच्या मध्याजवळ असले तर ते सावकाश फिरते, कारण तबकडीचा मध्यभाग थोडेच अंतर कापतो. ते कडेकडे सरकवले तर वेगाने फिरते. आणि मध्य ओलांडून पलीकडे नेले तर उलट दिशेने फिरते. एकही दात नसताना वेगाचे सारे टप्पे आणि उलटी चाल दोन्ही मिळतात. परंतु सारी भिस्त त्या रबराच्या बोटभर पट्टीवर आहे. तबकडीवर तेलाचा थेंब पडला, किंवा रबर झिजून धातूचे कडे उघडे पडले, किंवा गाडी कशाला अडून चाक एकाच जागी घासत राहिल्यामुळे रबराला एक सपाट डाग पडला, की गाडी धडधडते, घसरते, आणि चढावर उभी राहते. तरीही या रचनेचा मोठा गुण असा की, मागची बाजू उघडली की दोष समोर दिसतो, आणि ते रबरी चाक बदलणे हे घरच्या माणसाला जमण्यासारखे काम असते.

पट्टा आणि घर्षणचक्र यांच्या बरोबरीने पेटीबंद दंतचक्रांची परंपराही वाढत होती. इंडियाना राज्यातील साउथ बेंड येथे सेसिल पाँड याने १९४६ साली सुरू केलेल्या आणि पुढे व्हील हॉर्स या नावाने ओळखल्या गेलेल्या उद्योगाने गिअरपेटी आणि मागचा आस यांना एकाच पेटीत आणले. इंटरनॅशनल हार्वेस्टरने १९६१ च्या मोसमासाठी काढलेल्या कब कॅडेटमध्ये तर पट्टाच टाळून इंजिनापासून मागच्या पेटीपर्यंत सरळ दांडा नेला, आणि ती पेटी आपल्या फार्मॉल कब या खऱ्या शेतीच्या ट्रॅक्टरच्या धर्तीवर घडवली. विस्कॉन्सिनमधील होरिकॉन येथे १९६३ पासून तयार होऊ लागलेल्या जॉन डीअरच्या ११० या गाडीने पट्टा आणि गिअर यांचा संयोग केला. या गाड्यांपैकी काही आजही चालू स्थितीत आहेत, याचे श्रेय त्यांच्या जाड लोखंडी पेट्यांना आहे.

परंतु बहुसंख्य गाड्यांत बसली ती हलक्या, ॲल्युमिनियमच्या पेट्यांची जात. टेकम्से कंपनीच्या पीअरलेस या नावाने विकल्या गेलेल्या पेट्या त्यांतील सर्वांत सुपरिचित. त्यांच्या आतील व्यवस्था मोटारीपेक्षा वेगळी होती. मोटारीत गिअर बदलताना चक्रांची जुळणी हळुवारपणे घडवून आणणारी यंत्रणा असते. येथे सर्व चक्रे कायम एकमेकांत गुंतलेली असत, आणि दांड्याच्या खाचेतून सरकणाऱ्या, स्प्रिंगसारख्या लवचिक चाव्या एका वेळी एकाच चक्राला दांड्याशी बांधत. त्यामुळे या गाड्यांच्या पुस्तिकांत गाडी पूर्ण थांबवूनच गिअर बदलावा, अशी सक्त ताकीद असे. मोटारीची सवय असलेला मालक मात्र चालत्या गाडीतच दांडी पुढेमागे करी. प्रत्येक वेळी त्या चावीची धार थोडी गोल होई. आणि काही वर्षांनी गाडी एखाद्या गिअरातून आपोआप सुटू लागे, किंवा त्या गिअरात जाऊनही हलत नसे. पेटीत तेलाऐवजी बहुधा बेंटोनाइट ग्रीस भरलेले असे. ते कडेला सरकून सुकले की चक्रे कोरडीच फिरत राहत, आणि हे बाहेरून कळण्याचा काही मार्ग नसे. दोष पहिल्यांदाच खऱ्या अर्थाने दृष्टीआड गेला तो या पेटीत.

आणि याच काळात एक असा दोष पुढे आला, ज्याचा उल्लेख केल्यावाचून हा इतिहास अपुरा राहील. मागचे चाक आणि त्याचा आस यांना जोडणारी एक चौकोनी पोलादी चावी असते. बोटाच्या पेराएवढी, आसाच्या खाचेत अर्धी आणि चाकाच्या तुंब्यात अर्धी बसलेली. ही चावी तुटली किंवा निसटून पडली, तर आस चाकाच्या आत नुसता फिरत राहतो. वळताना दोन्ही चाकांना निराळा वेग घेता यावा म्हणून मध्ये जे डिफरन्शियल असते, ते ज्या बाजूला विरोध कमी त्या बाजूला गती देते. म्हणून एका बाजूची चावी गेली की सारी गती त्याच बाजूने वाया जाते, आणि दुसरे चाक शाबूत असूनही गाडी जागची हलत नाही. मालकाला वाटते की गिअरपेटीच निकालात निघाली. गाडीचा मागील भाग उचलून, आसाच्या टोकावर आणि तुंब्यावर खडूची एक सलग रेघ ओढून पाहिले, आणि ती रेघ फिरताना तुटली, तर पेटीवरचा आरोप तत्काळ खोटा ठरतो. क्षुल्लक किमतीच्या या तुकड्यापायी शाबूत पेट्या भंगारात जाणे हे या व्यवसायातील एक जुने आणि खेदजनक प्रकरण आहे.

यानंतरचा टप्पा तेलाचा. दाबाखालील तेलाने गती नेण्याची कल्पना नवी नव्हती. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात युद्धनौकांवरील तोफांचे बुरूज फिरवण्यासाठी रेनॉल्ड जॅनी आणि हार्वे विल्यम्स यांनी अशीच यंत्रणा तयार केली होती. १९६० च्या दशकाच्या मध्यास व्हील हॉर्स आणि इंटरनॅशनल हार्वेस्टर यांनी ती हिरवळीच्या गाडीवर आणली. इंजिन एका पंपाचे दट्ट्ये फिरवते. हे दट्ट्ये एका तबकडीवर टेकलेले असतात. तबकडी सरळ असली तर दट्ट्यांना सरकायला जागा नसते आणि तेल वाहत नाही. ती पुढे कलवली की तेल एका दिशेने वाहून चाकांकडील मोटर फिरवते, मागे कलवली की उलट दिशेने. जितका कल, तितका वेग. गिअर बदलण्याचा प्रश्नच उरला नाही, चाव्या गोल होण्याचे भय गेले, आणि पायाच्या किंवा हाताच्या एकाच हालचालीत पुढे, मागे, सावकाश, जलद सारे साधले. पुढे एका जागी गर्रकन वळणाऱ्या गाड्यांत प्रत्येक चाकाला स्वतंत्र अशी यंत्रणा बसली, आणि आज टेनेसीतील मॉरिस्टाउन व इलिनॉयमधील सलिव्हन येथे बनणाऱ्या अशा पेट्या निरनिराळ्या नावांच्या गाड्यांखाली सारख्याच आढळतात.

या सुखाची किंमत अशी की, दोष आता तेलात विरघळला. गाडी सकाळी थंड असताना जोमाने चालते, अर्ध्या तासाने चढावर दमते, आणि तासाभराने उभी राहते, हे या पेटीचे ठराविक लक्षण. तापलेले तेल पातळ होते, आतील सूक्ष्म झीज त्याला निसटायला वाट देते, दाब पडतो. पेटीवरचा लहान पंखा तुटला असेल, किंवा कापलेल्या गवताचा थर पेटीवर साचून उष्णता अडवीत असेल, तर हे लवकर घडते. तेल बदलल्यावर आत हवा राहिली तर गाडी गुरगुरते आणि अडखळते; तेव्हा मागची चाके अधांतरी ठेवून, तेलाची सुटका करणारी झडप उघडून, तबकडी अनेकदा पुढेमागे कलवावी लागते, म्हणजे हवा निघून जाते. आणि गाडी ढकलून नेण्यासाठी ठेवलेली तीच झडप उघडी राहून गेली, तर सर्व काही शाबूत असून गाडी मुळीच चालत नाही. या पेट्यांपैकी अनेक पेट्यांना तेल पाहण्याचे झाकणही दिलेले नसते. बडिंगच्या उघड्या दातांपासून आपण अशा पेटीपर्यंत आलो, जी उघडण्याची अपेक्षाच तिच्या निर्मात्याने ठेवलेली नाही.

आता या साऱ्या वंशावळीचा व्यावहारिक अर्थ पाहू. आजच्या एका गाडीत या सर्व पिढ्या एकत्र नांदत असतात. इंजिनाखाली गेट्सचा पट्टा आहे, त्यावर ताणपुली आहे, पुढे तेलाचा पंप आहे, त्याच्या पुढे पेटीत दंतचक्रे आहेत, आणि शेवटी चाकाच्या तुंब्यात ती चौकोनी चावी आहे. गाडी हलत नाही, अशी तक्रार आली की अननुभवी माणूस सर्वांत आतल्या, सर्वांत महाग आणि सर्वांत अदृश्य भागावर प्रथम संशय घेतो. अनुभवी कारागीर नेमके उलट करतो. तो आधी सुटकेची झडप आणि हाताचा ब्रेक पाहतो. मग पट्टा जागेवर आहे काय, त्याच्या कडा चकचकीत झाल्या आहेत काय, ताणपुलीची स्प्रिंग ओढते काय, हे तपासतो. मग पेडलपासून पेटीपर्यंतच्या सळया आणि त्यांच्या खुंट्या वाकल्या किंवा झिजल्या आहेत काय ते पाहतो, कारण मोकळ्या स्थितीत ठेवलेली गाडी हळूहळू पुढे सरकत असेल तर दोष बहुधा या सळयांच्या जुळणीत असतो. मग खडूची रेघ ओढून चाकांच्या चाव्यांचा निकाल लावतो. आणि हे सर्व निर्दोष ठरल्यावरच पेटीला हात घालतो. उघड्याकडून झाकलेल्याकडे आणि स्वस्ताकडून महागाकडे जाणारा हा क्रम एखाद्या चांगल्या चौकशी अधिकाऱ्याच्या क्रमासारखाच न्याय्य आहे, कारण त्यात निर्दोष भागाला शिक्षा होत नाही.

मराठी वाचकांना या विषयात परकेपणा वाटण्याचे कारण नाही. आपल्याकडील बागांतून माळी जे हाताने ढकलायचे यंत्र चालवतात, त्याची फिरत्या पात्यांची रचना बडिंगच्याच घराण्यातली. अमेरिकेने १९६५ साली आपला स्थलांतराचा कायदा बदलल्यानंतर जे मराठी अभियंते, डॉक्टर आणि अध्यापक तेथे स्थायिक झाले, त्यांपैकी ज्यांनी उपनगरांत घरे घेतली, त्यांच्या वाट्याला घराबरोबर हिरवळ आणि हिरवळीबरोबर हे यंत्रही आले. आणि जॉन डीअर हे नाव तर, पुण्याजवळील सणसवाडी येथे त्या कंपनीचे ट्रॅक्टर तयार होत असल्यामुळे, आपल्या शेतकऱ्याच्याही रोजच्या बोलण्यातले आहे. ट्रॅक्टर असो वा हिरवळीची गाडी, दुरुस्तीचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न दोहोंना सारखाच लागू आहे. शेतीच्या यंत्रांपुरता तो अधिकार मालकाला देणारा कायदा अमेरिकेतील कोलोरॅडो राज्याने २०२३ साली केला, यावरून त्या प्रश्नाची निकड ध्यानात यावी.

यंत्रे पुन्हा उघड्या दातांची व्हावीत, असा आग्रह कोणी धरू नये. तेलाच्या पेटीने वृद्धांना आणि अपंगांनाही आपली बाग स्वतः राखण्याचे सामर्थ्य दिले आहे, आणि ते मोलाचे आहे. मागणी एवढीच रास्त आहे की, जे झाकले जाईल त्याचे ज्ञान झाकले जाऊ नये; पेटीला तेल पाहण्याचे झाकण असावे, तिचे सुटे भाग मिळावेत, आणि तिची पुस्तिका कारखान्याच्या दप्तरात न राहता मालकाच्या हाती असावी. मालकानेही आपल्या बाजूने एक कर्तव्य पाळले पाहिजे. ज्या यंत्रावर आपण बसतो, त्यात शक्ती कोणत्या वाटेने जाते हे त्याने एकदा तरी, इंजिन बंद करून आणि किल्ली काढून, पट्ट्यापासून चाकापर्यंत बोट फिरवून पाहावे. ती वाट ज्याला पाठ आहे, त्याला बिघाडाचे भय वाटत नाही, कोणी अकारण नवी पेटी त्याच्या गळ्यात मारू शकत नाही, आणि दोन शतकांच्या कारागिरांनी जे शिकून ठेवले, त्याचा तो खऱ्या अर्थाने वारस ठरतो.